तिथी मूड विचारत नाही

मेलबर्नमध्ये गुढी पानगळीत उभारावी लागते. चैत्र लागतो तेव्हा इथला उन्हाळा सरलेला असतो, रस्त्याकडेची प्लेनची झाडं पिवळी पडू लागलेली असतात आणि सकाळी स्वेटर चढवल्याशिवाय दार उघडवत नाही. अशा हवेत मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या खांबाला काठी बांधून आपण वसंताचं स्वागत करायचं. कडुनिंब इथल्या थंडीत तग धरत नाही, म्हणून इंडियन ग्रोसरीतली वाळलेली पूड गुळात कालवायची. आंब्याची डहाळी भारतातून येताना आणावी, तर विमानतळावर ताजी पानं, बिया, दुधाचे पेढे यांची रवानगी थेट कचऱ्याच्या डब्यात होते. दारावर तोरण लागतं ते प्लास्टिकचं.

संक्रांतीची तऱ्हा तर याहून न्यारी. तीळ उष्ण, गूळ उष्ण, काळी साडी ऊन धरून ठेवते. म्हणजे सगळा जामानिमा थंडीचा. इथे जानेवारीत पारा चाळिशीला टेकतो, वणव्याच्या धास्तीने उघड्यावर काही पेटवायलाच बंदी होते, आणि हळदीकुंकवाला आम्ही बायका काळ्या साड्यांत घाम पुसत एकमेकींच्या तळहातावर चिकट झालेल्या वड्या ठेवतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असं आजी सांगायची. विषुववृत्ताच्या या बाजूला २१-२२ डिसेंबर उलटला की दिवस लहान व्हायला लागतो. तोही तिळातिळानेच.

कोजागरीला दूध आटवून अंगणात बसावं, तर चंद्र उत्तरेच्या आकाशातून चालतो आणि त्यावरचा ससा उलटा दिसतो. पाय वर, कान खाली. इथे वाढलेल्या मुलांना त्यात काही वावगं वाटत नाही. त्यांचा ससा पहिल्यापासून तसाच.

गंमत अशी, की पंचांग नावाच्या गोष्टीचा निम्मा खटाटोप सण ऋतूला धरून राहावेत यासाठीच तर आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ दिवसांचं. हा अकरा दिवसांचा फरक साचू दिला, तर दिवाळी सरकत सरकत भर पावसात येईल. म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालायचा आणि गाडी रुळावर आणायची. २०२३ मध्ये श्रावण अधिक आला, २०२६ मध्ये ज्येष्ठ. कित्येक शतकं आकाश बघत, आकडेमोड करत लोकांनी ही घडी बसवली, आणि आम्ही एका विमानप्रवासात ती उलटीपालटी करून टाकली.

मग प्रश्न पडतोच. ऋतू गेला, शेत गेलं, नदी, बाजार, चाळीतला शेजार गेला, तर सणात उरतं काय?

याचं तयार उत्तर आमच्याकडे आहे. मंडळाच्या कार्यक्रमात निवेदिका माईक हातात घेते आणि सांगते : दिवाळी म्हणजे अंधारावर उजेडाचा विजय, दसरा म्हणजे वाईटावर चांगल्याचा विजय, गणपती म्हणजे विघ्नांवर मात. थोडक्यात काय, आपले सण आपल्याला पॉझिटिव्ह राहायला शिकवतात. टाळ्या पडतात. त्यात खोटं काही नाही. पण सगळ्या सणांचं सार जर एका वाक्यात मावत असेल, तर एवढा पसारा मांडायचा कशाला? ते वाक्य फ्रिजवर चिकटवलं की भागलं.

अशी वाक्यं चिकटवायची इथे हौसही दांडगी. बऱ्याच ऑफिसांत वर्षाकाठी एखादं तरी 'पॉझिटिव्ह माइंडसेट'चं सत्र असतं. आमच्याकडच्या सत्रात डोळे मिटायला सांगतात, पाच वर्षांनंतरचं आपलं सुंदर आयुष्य मनात रंगवायला सांगतात आणि ते रंगवून झालं की सँडविच देतात. या विचाराचं मूळ शोधायला फार लांब जावं लागत नाही. नॉर्मन व्हिन्सेंट पील या अमेरिकन धर्मोपदेशकाचं 'द पॉवर ऑफ पॉझिटिव्ह थिंकिंग' हे पुस्तक १९५२ मध्ये आलं, अफाट खपलं, आणि मन चांगलं केलं की आयुष्य आपोआप चांगलं होतं हा समज घरोघरी पोचला. पुढे गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो तपासून पाहिला. वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. ज्यांनी आपल्या सडपातळ भविष्याची जास्त गोड स्वप्नं रंगवली, त्यांचं वजन कमी उतरलं. स्वप्नातच पोट भरलं की पायांना चालायची निकड उरत नाही.

आशेशी माझं भांडण नाही. आशा नसती तर आमच्यापैकी कुणी दोन बॅगा भरून इथवर आलंच नसतं. माझं भांडण आहे ते क्रमाशी. आधी मन ताळ्यावर आणा, मग कामाला लागा, हा क्रम ज्याचं मन आधीच बरं आहे त्यालाच जमतो. ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, त्याला 'चांगला विचार करा' हे सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला जिना दाखवणं.

सणाचा क्रम बरोबर उलटा आहे. सण मनाला काही विचारतच नाही, तो हाताला काम सांगतो. घर झाडा, पाट मांडा, फुलं आणा, उटणं कालवा, वाती वळा, नारळ खवा. धर्मशास्त्राच्या पोथ्या काढून बघा, कोणत्या तिथीला काय करावं, कशाने करावं, कधी करावं याच्या पानंच्या पानं सापडतील. त्या दिवशी तुम्हाला कसं वाटलं पाहिजे, याबद्दल फारशी चौकशी नाही.

याचा अर्थ मला नीट कळला तो २०२० च्या गणपतीत. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती आणि मेलबर्न कडकडीत बंद होतं. रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, व्यायामाला दिवसातून एक तास, घरी पाहुणा बोलवायचा नाही. भारताची विमानं बंद. आई-वडील तिकडे, त्यांच्या सोसायटीत रोज कुणी ना कुणी आजारी. गणपती बसवायची इच्छा होती का? अजिबात नव्हती. पण चतुर्थी उजाडली.

डब्यातली तांदळाची पिठी काढली. फ्रीझरमधला खवलेला नारळ बाहेर ठेवला, त्याचं पाणी पिळून काढलं. तसं केलं नाही तर सारण ओलं राहतं आणि मोदक वाफेत फुटतो. गूळ विरघळला, वेलची पडली, घरभर वास सुटला. उकड काढली. ती गरम असतानाच मळावी लागते, हात भाजतो, तेलपाण्याचा हात लावत राहायचं, गार झाली की तिला तडे जातात. मग पारी. कडा पातळ, बूड जरा जाड, आणि चिमटीने एकेक कळी काढत जायची. कळ्या काढताना दुसरा कसलाही विचार करता येत नाही. केलात तर पारी फाटते. बातम्यांतले आकडे, विमानांचं वेळापत्रक, ऑफिसातली कपात, सगळं त्या चिमटीच्या बाहेर राहिलं. आरती झूमवर झाली. इंटरनेटच्या कृपेने पुण्याच्या टाळ्या मेलबर्नच्या टाळ्यांना गाठतच नव्हत्या, प्रत्येक घर आपापल्या कडव्यावर होतं, आणि सासूबाई म्यूट काढायला विसरलेल्या सर्वांना मोठ्याने सूचना देत होत्या. त्या गोंधळात कुणीतरी हसलं. बऱ्याच आठवड्यांनी घरात हसू ऐकू आलं. ते चांगल्या विचारातून आलं नव्हतं, उकडीतून आलं होतं.

मानसोपचारात या गोष्टीला जागा आहे. १९७० च्या दशकात पीटर ल्युइनसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नैराश्याकडे याच बाजूने पाहिलं : माणूस खचतो, कामं आणि माणसं टाळतो, टाळल्यामुळे आनंदाचे प्रसंग आणखी कमी होतात आणि तो आणखी खचतो. हे चक्र तोडायचं तर मूड येण्याची वाट बघत बसायचं नाही. ठरल्या वेळी ठरलेलं छोटं काम करायचं, मन मागून येतं. आज या पद्धतीने रीतसर उपचार होतात. सणांनी ही विद्या आधीच शोधून ठेवली होती, असली बढाई मला मारायची नाही. सण म्हणजे औषध नव्हे, आणि खऱ्या आजाराला डॉक्टरच लागतो. पण आजीला जे हाताने माहीत होतं, त्याला हे शास्त्र दुजोरा देतं एवढं खरं.

यात तिथीचं महत्त्व आहे. ती आपण ठरवलेली नसते, म्हणून टाळता येत नाही. अर्थात इथे तिथीवरूनही वाद रंगतात. आमचा सूर्य भारताच्या आधी उगवतो. घड्याळ हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेपाच तास पुढे. त्यामुळे सोलापूरच्या दाते पंचांगात एका दिवशी असलेली तिथी इथल्या सूर्योदयाला असेलच असं नाही. दर वर्षी व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात, एक गट कालनिर्णयचं पान टाकतो, दुसरा मेलबर्नचा सूर्योदय टाकतो, आणि शेवटी मंडळाचा कार्यक्रम हॉल मिळेल त्या शनिवारी होतो. घरचा दिवा मात्र ज्याच्या त्याच्या तिथीला लागतो. दिवाळीत तो लावायलाही थांबावं लागतं. घड्याळ तासाने पुढे गेलेलं, वसंत सरत आलेला, त्यामुळे आठ वाजायला आले तरी बाहेर लख्ख उजेड. पेंगुळलेली पोरं विचारत असतात, अंधार कधी पडणार?

आणि इथेच 'पॉझिटिव्ह'वाल्या वाक्याची दुसरी अडचण आहे. त्याला अंधार चालत नाही. सणांना चालतो. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं. पाडव्याला वर्षाचा पहिला घास कडुनिंबाचा. नरक चतुर्दशीला अंघोळीआधी पायाखाली कडू कारीट फोडायचं आणि त्याचं बी जिभेला लावायचं. होळीत तर तोंडाने वाईटसाईट बोलायलाही मुभा. बोंब मारा, वर्षभराचं साचलेलं ओकून टाका. ज्या समाजाला फक्त गोड पाहिजे होतं, त्याने एवढा कडवटपणा मुद्दाम मांडून ठेवला नसता.

धनत्रयोदशीचा यमदीप घ्या. एरवी दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावत नाहीत, पण त्या संध्याकाळी कणकेचा दिवा करून दक्षिणेलाच ठेवायचा, कारण ती यमाची दिशा. दिवाळीच्या सुरुवातीलाच मृत्यूला बाहेर दिवा दाखवून मग घरात फराळाला बसायचं. मेलबर्नच्या दक्षिणेला समुद्र, त्यापलीकडे टास्मानिया, मग थेट अंटार्क्टिका. तिकडून सुटलेला गार वारा या दिव्याला टिकू देत नाही. कणकेची कड उंच केली, आडोसा धरला, तरी वात फडफडते. मुलगी म्हणाली, "यम खूपच जवळ राहतो वाटतं." मी म्हटलं, हो, म्हणून तर आधी त्याचा दिवा.

माझ्या एका मैत्रिणीचे वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये नाशिकला कोविडने गेले. ऑस्ट्रेलियाच्या सीमा तेव्हा बंद होत्या, देशाबाहेर जायलाही परवानगी लागायची. मे महिन्याच्या सुरुवातीला तर भारतातून परत येणं हाच गुन्हा ठरवला गेला, नागरिकांनासुद्धा, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास. तिने भावाच्या फोनवर चिता पाहिली. त्यानंतर तिला ज्यांनी ज्यांनी 'पॉझिटिव्ह राहा' म्हटलं, त्यांचे फोन तिने घेणं बंद केलं. मला तिचं पटलं.

दुसऱ्या वर्षी, २०२२ च्या आश्विनात, तिने आजेपाडवा केला. आश्विन शुद्ध प्रतिपदेला मुलीच्या मुलाने आईच्या वडिलांचं श्राद्ध करायचं, असा हा दिवस. आता बऱ्याच घरांत तो माहीतही नसतो. तिच्या आईने नाशिकहून आठवण करून दिली. तिचा मुलगा इथेच जन्मलेला, मराठी तोडकीमोडकी. सकाळी मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली त्याने आजोबांच्या नावाने तीळ घातलेलं पाणी सोडलं. नाव उच्चारताना अडखळला, आईने सांगितलं, पुन्हा म्हटलं. मग भात-वरण-खिरीचं पान वाढलं. ती पहिल्यांदा हमसून हमसून रडली ती तेव्हा, हातात वाढायचा डाव धरून. आणि हाच दिवस घटस्थापनेचा. संध्याकाळी त्याच घरात परडीत माती घालून गहू पेरले गेले. इथे तेव्हा हवा गारच असते, रोप लवकर वर येत नाही, म्हणून तिने परडी हीटरजवळ सरकवली. मला वाटतं, एकाच दिवशी तर्पण आणि पेरणी ठेवणाऱ्याला माणसाचं मन बऱ्यापैकी कळत असावं. तो दु:ख विसर म्हणत नाही. ते नीट पार पाड म्हणतो, आणि पाठोपाठ दुसरं काम हातात देतो.

इथे हे फक्त आमचंच नाही, हेही राहता राहता कळलं. माझी शेजारीण ग्रीक आहे, नातवंडांची आजी. मेलबर्नमध्ये ग्रीकांची वस्ती फार मोठी. तिचा ईस्टर गावी वसंतात यायचा, इथे शरदात येतो. तरी ती अंडी लाल रंगवते, मध्यरात्रीच्या प्रार्थनेहून जळती मेणबत्ती हाताच्या आडोशाने घरापर्यंत आणते आणि दुसऱ्या दिवशी एक लाल अंडं मला देते. मी तिला दिवाळीचा फराळ देते. चकली तिला आवडते, अनारशाबद्दल ती सभ्यपणे गप्प राहते. तिला मी विचारलं होतं, ऋतू उलटा झाल्याचं वाईट नाही वाटत? ती म्हणाली, अंडी रंगवायची असतात तेव्हा वाईट वाटायला वेळ कुठे असतो?

सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी ऑस्ट्रेलियात 'आर यू ओके' दिवस असतो. २००९ पासून तो पाळतात. सहकाऱ्याला, शेजाऱ्याला थांबून विचारायचं, बरा आहेस ना? चांगली प्रथा आहे. या देशात एकटेपणाने माणसं खंगतात, आणि आपल्यातलीही. कधी कधी हा दिवस गणपतीच्या आगेमागेच येतो. तेव्हा दोन्हींतला फरक जाणवतो. 'बरा आहेस ना' या प्रश्नाला आपला मराठी माणूस 'हो, मस्त' असंच उत्तर देतो, आतून काहीही चाललेलं असो. गणपतीच्या घरी त्याला कुणी हा प्रश्न विचारत नाही. त्याच्या हातात टाळ देतात, नाहीतर पंगतीत मीठ वाढायला लावतात. चांगले विचार एकट्याला करता येतात. सण एकट्याला करता येत नाही, आणि परक्या शहरात ही मोठी सोय आहे.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे सगळं फारच गोडगोड होईल. सण हाताला काम देतो हे खरं, पण हात कुणाचे? उकड मळणारी मी, वाती वळणारी मी, आणि आरतीला सोवळं नेसून पुढे उभा राहणारा नवरा. दिवसभराची नोकरी, मदतीला कुणी नाही, त्यात एकवीस मोदक आणि वर 'तुझ्यामुळे घरात किती पॉझिटिव्ह वातावरण असतं' हे प्रशस्तिपत्र. काही घरांत सण म्हणजे बाईचा दमून पडायचा दिवस असतो, आणि तिला त्या दिवशी हसतमुखही राहावं लागतं. कामाने मन वर येतं, पण ते वाटून घेतलेल्या कामाने. आमच्याकडे आता नारळ आणि सारण नवऱ्याकडे, आरास मुलीकडे, भांडी सर्वांकडे. मोदकांची संख्या घटली आहे. गणपतीने अजून तक्रार केलेली नाही.

मुलीच्या डोक्यात सणांना नवे ऋतू चिकटत चालले आहेत, तेही मी बघते. गणपतीच्या सुमारास इथे वॉटल फुलतं, पिवळाधमक मोहर. १ सप्टेंबर हा तर वॉटलचाच दिवस. तिच्या लेखी गणपती म्हणजे जास्वंद नव्हे, वॉटल. ती दूर्वा म्हणून लॉनमधलं गवत तीन-तीन पात्यांनी निवडते. तिच्या मुलांना हेच परंपरेचं वाटेल, आणि कुणी गावाकडचा माणूस येऊन त्यांना दुरुस्त करू लागला, तर ती भांडतीलही.

गेल्या गणपतीच्या आदल्या दिवशी एका विद्यार्थ्याचा फोन आला. सांगलीकडचा मुलगा, जुलैत आलेला, क्लेटनला खोली घेऊन राहतो, रात्री पेट्रोल पंपावर काम करतो. हिवाळा, लवकर पडणारा अंधार, कर्जाचे हप्ते. म्हणाला, "काकू, उद्या नाही जमणार बहुतेक. मूड नाहीये. मी आलो तर तुमचापण मूड जाईल." मी म्हटलं, "मूडचं बघू नंतर. तुझ्या वाटेवर इंडियन ग्रोसरी आहे ना? येताना पाच नारळ आण, हलवून बघून घे. आणि सकाळी नऊला ये, फोडायला कुणी नाही." तो साडेनऊला आला. दोन नारळ नासके निघाले.